लाकडाचा पेपर लाकडावरच शिका: फॉरेस्ट युटिलायझेशनचा अभ्यास कसा करायचा

दापोली किंवा अकोल्याला बी.एस्सी. फॉरेस्ट्री करत असाल, किंवा भारतीय वन सेवेच्या परीक्षेला फॉरेस्ट्री ऑप्शनल घेतला असेल, तर युटिलायझेशन (जंगलातला माल काढून वापरात आणणं) आणि वुड सायन्स हा भाग तुमच्या वाट्याला येणारच. आणि बहुतेक पोरं काय करतात तर सिल्व्हिकल्चर (जंगल वाढवण्याचं शास्त्र) आणि मेन्सुरेशन (झाडांची मोजमापं) रगडून झालं की उरलेल्या आठवड्यात सीनियरच्या झेरॉक्स नोट्स काढतात आणि सीझनिंगचे (लाकूड सुकवण्याचे) प्रकार, प्रिझर्वेटिव्हचे (लाकूड टिकवणाऱ्या औषधांचे) प्रकार, डिफेक्टचे प्रकार अशी प्रकारांची यादी पाठ करतात. पास होता येतं तसं, नाही असं नाही, पण व्हायवाला समोर एक लाकडाचा ठोकळा ठेवला की बोलती बंद होते.

माझं म्हणणं एकच आहे, क्रम उलटा करा. वन सेवेचा सिलॅबस बघितला तर त्यात आधी तोड, वाहतूक, डेपो, मग गौण वनोपज (इमारती लाकडाशिवायचा जंगलमाल), मग सीझनिंग, प्रिझर्वेशन, प्लायवुड, पल्प (कागदाचा लगदा) आणि सगळ्यात शेवटच्या ओळीत लाकडाची अॅनाटॉमी आणि ओळख, असं आहे. तुम्ही त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करा. लाकूड आतून कसं बनलंय हे डोळ्याने बघितलं की ते वाकडं का होतं, साग का टिकतो, आंब्याच्या फळीची पावडर का पडते, कागदाला बांबू का चालतो, हे सगळं त्यातूनच निघतं, वेगळं पाठ करायला फार कमी उरतं.

आधी सामान गोळा करा. एक १० एक्सची भिंग, म्हणजे ज्वेलर लोक वापरतात ती घडीची, एक पेपर कटर आणि नव्या ब्लेडचं पाकीट, एक वही, आणि लाकडाचे तुकडे. तुकड्यांसाठी जंगलात कोयता घेऊन जाऊ नका, सरळ गुन्हा आहे तो. जवळच्या सॉ मिलमध्ये, वखारीत नाहीतर एखाद्या जुन्या सुतारकाकांकडे जा, त्यांच्याकडे छाटणीचे तुकडे असतातच आणि चहा पिता पिता चार गोष्टी फुकट शिकायला मिळतात. साधारण १५ सेंटीमीटर लांब, ७ रुंद आणि २ जाड असा तुकडा बरा पडतो, आणि जमलं तर असा घ्या ज्यात गाभा आणि बाहेरचं पांढरं सॅपवुड दोन्ही आलंय. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव, कुठून आणला आणि तारीख लिहा. लगेच लिहा, घरी येऊन लिहू म्हणाल तर पिशवीत सगळे तुकडे सारखेच दिसतात.

एक सावधगिरी, वखारवाल्याने सांगितलेलं नाव म्हणजे पुरावा नाही. बाजारात साग म्हणून घानाचा साग येतो, बाकीच्या देशांतला लागवडीचा साग येतो, मलेशियन साल (साल नावाचं झाड, झाडाची साल नव्हे) या नावाखाली तर काय काय विकलं जातं विचारू नका. म्हणून सुरुवातीला कॉलेजच्या लाकूड संग्रहात ज्यांची ओळख पक्की आहे तेच नमुने बघायचे, डोळा बसला की मग बाजारातले तुकडे त्यांच्याशी ताडून बघायचे.

आता मुख्य काम. लाकडाला तीन तोंडं असतात, आडवा छेद म्हणजे एंड ग्रेन, मग रेडियल (मध्यापासून सालीकडे जाणारा उभा छेद) आणि टँजेन्शियल (वर्षवलयांना स्पर्शून जाणारा उभा छेद). ओळखीचं ऐंशी टक्के काम एंड ग्रेनवर होतं असं मी धरून चालतो. करवतीने कापलेल्या तोंडावर काहीच दिसत नाही कारण तंतू चेंगरलेले असतात, म्हणून नवं ब्लेड लावून एका कोपऱ्यात साधारण १ सेंटीमीटरचा चौकोन गुळगुळीत कापून घ्या, ब्लेड सरळ दाबायचं नाही, थोडं तिरकं धरून ओढायचं, बोटं सांभाळून. लाकूड कडक असेल तर आधी पाण्याने ओलं करा. कापल्यावर पुन्हा थोडं पाणी लावा, चित्र उठून येतं. भिंग डोळ्याला चिकटवून धरायची आणि लाकूड भिंगेकडे आणायचं, उलटं नाही. खिडकीशी उभं राहून बघा, ट्यूबलाइटखाली डोळे जातील.

बघायचं काय? सगळ्यात आधी भोकं, म्हणजे पोअर. सागात वर्षाच्या सुरुवातीची भोकं मोठी आणि गोलाकार ओळीत बसलेली असतात, पुढे बारीक होत जातात, याला रिंग पोरस म्हणतात, तून पण तसाच. आंबा, हेद, ऐन यांच्यात भोकं सगळीकडे पसरलेली असतात, ते डिफ्यूज पोरस, आणि आपल्याकडची बहुतेक झाडं याच गटात जातात. मग भोकांभोवतीचा फिकट भाग बघा, तो पॅरेन्कायमा. ऐनात तो भोकाच्या दोन्ही बाजूंना पंखासारखा पसरतो आणि बरेचदा शेजारच्याला जाऊन मिळतो, सागात सुरुवातीच्या भोकांना धरून त्याची फिकट पट्टी असते. मग रेज, म्हणजे मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषा, त्या नुसत्या डोळ्याने दिसतात की भिंगेने ते लिहा. सिल्व्हर ओकच्या रेज एवढ्या रुंद असतात की भिंग न लावता दिसतात, म्हणून पहिला नमुना तोच घ्या, आत्मविश्वास येतो.

भोकं रिकामी आहेत की भरलेली हेही बघायचं. सागाच्या गाभ्यात भोकांच्या आत फुग्यासारखे चमकणारे पडदे दिसतात, ते टायलोसिस. हे नीट लक्षात ठेवा, पुढे प्रिझर्वेशनला लागणार आहे.

रंग, वास, वजन हे पण लिहायचं पण त्यावर निर्णय द्यायचा नाही, कारण स्टेन मारून कुठल्याही लाकडाला सागाचा रंग देता येतो. ताज्या कापलेल्या भागाचाच रंग धरा. सागाला जुन्या चामड्यासारखा वास आणि हाताला तेलकटपणा असतो, एकदा कळला की विसरत नाही. हेद पिवळा, एकदम बारीक पोताचा, भोकं नुसत्या डोळ्याने दिसतच नाहीत. शिसव जांभळट, काळ्या रेघांचा आणि जड, शिवण फिकट आणि हलकी. शिसव आणि बिबळा या दोघांच्या टँजेन्शियल तोंडावर बारीक आडव्या लाटा दिसतात, रिपल मार्क्स म्हणतात त्यांना, तिरक्या उजेडात बघितलं तरच दिसतील. बिबळ्याची अजून एक मजा, त्याचा थोडा भुसा काचेच्या ग्लासात पाण्यात टाका, पाणी पिवळट तपकिरी होतं आणि उजेडात धरलं की त्याला निळसर झाक येते. बिबळ्याच्या पेल्यातलं पाणी डायबेटिसवर म्हणून विकतात ते हेच लाकूड, औषध म्हणून मी काही बोलणार नाही पण ओळख म्हणून ही टेस्ट भारी आहे. आणि साल किंवा त्याच्या जातभाईंचं लाकूड असेल तर एंड ग्रेनवर पांढऱ्या ठिपक्यांच्या गोलाकार रेघा दिसतात, त्या डिंकाच्या नळ्या, सागात त्या कधीच नसतात. सागाच्या नावाखाली विकलेलं असलं लाकूड यावरून दोन मिनिटांत पकडता येतं.

वहीत प्रत्येक नमुन्याचं वर्तुळ काढा, अंदाजे ५ सेंटीमीटरचं, आणि भिंगेतून जे दिसतं तेच काढा, पुस्तकातलं चित्र नाही. चित्र वाईट आलं तरी चालेल, काढताना डोळा जे टिपतो ते महत्त्वाचं. एका बैठकीत तीन-चारच्या वर लाकडं घेऊ नका, आणि जोड्या लावून बघा: साग आणि शिवण (एकाच कुळातले आहेत), ऐन आणि किंजळ, शिसव आणि उत्तरेतला शिशम. सॉफ्टवुडसाठी, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या लाकडासाठी, चीड आणि देवदार. परीक्षेला हा फरक हमखास येतो, चीडमध्ये रेझिनच्या नळ्या नेहमी असतात आणि देवदारात एरवी नसतात, झाडाला इजा झाली तरच बनतात.

मायक्रोस्कोपचं प्रॅक्टिकल कॉलेजात होतंच म्हणून थोडक्यात सांगतो. तुकडा उकळून मऊ करायचा, मायक्रोटोमवर १५ ते २० मायक्रॉनचे काप, सॅफ्रॅनिनचा लाल रंग, झालं. पण मॅसरेशन मात्र मन लावून करा, म्हणजे अॅसिडमध्ये लाकडाच्या काड्या ठेवून तंतू सुटे करतात ते (सरांच्या देखरेखीत, फ्यूम हूडखालीच). सुट्या तंतूंची लांबी मोजली की पल्पचा अख्खा चॅप्टर उलगडतो. हार्डवुडचे (रुंद पानांच्या झाडांचे) तंतू साधारण १ मिलिमीटरचे, सॉफ्टवुडचे ३ च्या आसपास, आणि बांबूचे या दोघांच्या मधले. लांब तंतू म्हणजे फाटायला चिवट कागद. बल्लारपूरची पेपर मिल बांबूच्या जंगलांच्या कुशीत का उभी राहिली याचं अर्धं उत्तर तुमच्या स्लाइडवर आहे.

आता पाणी. या विषयात मार्क जातात ते इथे. लाकडातल्या ओलाव्याची टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात, ओल्या वजनावर नाही. तुकडा ओला असताना ८४ ग्रॅम भरला आणि ओव्हनमध्ये १०३ डिग्रीला (दोन इकडे तिकडे) वजन स्थिर होईपर्यंत ठेवल्यावर ६० ग्रॅम, तर फरक २४, भागिले ६०, म्हणजे ४० टक्के. ८४ ने भागलं तर २८ च्या वर येतात आणि गणित गेलं. याच पद्धतीमुळे ताज्या हलक्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांच्या वर पण जाऊ शकतो, ते बघून दचकू नका. नमुना फळीच्या टोकाचा घ्यायचा नाही, टोक आधी सुकलेलं असतं, किमान ३० सेंटीमीटर आतून कापा.

ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांवर आला की पोकळीतलं मोकळं पाणी संपलेलं असतं आणि फक्त भिंतींमधलं उरतं, हा फायबर सॅच्युरेशन पॉइंट. याच्या वर लाकूड कितीही सुकलं तरी सहसा आकसत नाही, याच्या खाली गेलं की आकसायला लागतं. आणि सगळीकडून सारखं आकसत नाही, लांबीत जवळजवळ शून्य, टँजेन्शियल दिशेने रेडियलच्या साधारण दुप्पट. फळी कप का होते, म्हणजे रुंदीत वाटीसारखी का वाकते, गोल ओंडक्याला सालीपासून गाभ्यापर्यंत चीर का जाते, क्वार्टर सॉन (रेडियल दिशेने कापलेली) फळी महाग का, सगळ्याचं उत्तर हा दुपटीचा फरक.

हे आकड्यात करून बघा. समजा एका लाकडाचं टँजेन्शियल आकुंचन हिरव्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ६ टक्के आहे आणि सॅच्युरेशन पॉइंट ३० धरला, तर ओलाव्याच्या दर टक्क्याला ०.२ टक्के. पावसाळ्यात रत्नागिरीला २० टक्के ओलाव्याला बनवलेला टेबल एप्रिलमध्ये नागपूरला नेला आणि तिथे तो १० वर आला तर २० सेंटीमीटरची फळी २ टक्के, म्हणजे ४ मिलिमीटर आकसणार. चार फळ्या जोडून टॉप केला असेल तर दीड सेंटीमीटरच्या वर जागा सुटली, आणि सुताराला शिव्या बसल्या. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये देशाचे हवामानानुसार चार झोन पाडून कुठे किती ओलावा चालेल ते दिलंय ते याचसाठी, त्यातला आपला झोन आणि फर्निचरचा आकडा काढून ठेवा, उत्तरात टाकला की वजन येतं.

सीझनिंगचं पुस्तकी वर्णन वाचण्याआधी एकदा सॉ मिलमधली थप्पी जाऊन बघा. चांगली थप्पी जमिनीपासून वीतभर तरी उंच, सावलीत, दर थरात पट्ट्या आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या रेषेत. पट्ट्या पुढे-मागे झाल्या असतील तर खालच्या फळ्यांना बाक आलेला दिसेल. फळ्यांच्या टोकांना रंग, डांबर किंवा मेण लावलंय का बघा, कारण टोकातून पाणी सगळ्यात वेगाने जातं आणि तिथेच चिरा पडतात. आपल्या बऱ्याच मिलमध्ये हे कोणी करत नाही आणि फूट-अर्धा फूट माल दरवेळी टोकाला वाया जातो, स्वस्तात वाचणारा माल आहे तो पण ऐकतं कोण. किल्नमध्ये, म्हणजे लाकूड सुकवण्याच्या भट्टीत, उष्णता, दमटपणा आणि हवा तिन्ही हातात असतात एवढंच वेगळं. घाई केली की बाहेरचा थर ताणलेल्या अवस्थेत कडक होतो, तो केस हार्डनिंग, आणि पुढे आतून मधाच्या पोळ्यासारखं फाटतं. निलगिरीत कोलॅप्स (सुकताना आतल्या पेशी चपट्या होऊन लाकूड बसणं) का होतो तेही इथेच वाचून घ्या.

प्रिझर्वेशनला आलो की मगाचे टायलोसिस आठवा. सागाची भोकं बंद, त्यामुळे त्याच्या गाभ्यात औषध शिरत नाही, पण त्याला फारशी गरजही नाही कारण गाभ्यातली रसायनंच वाळवी आणि बुरशीला नको असतात. सागाचं सॅपवुड मात्र आंब्याइतकंच कच्चं आहे. सागाला कीड लागत नाही म्हणणाऱ्याला विचारायचं, कुठल्या सागाला, लालसर की पांढऱ्या? रबरवुड आणि आंबा यांच्यात स्टार्च भरपूर, मोठी भोकं, म्हणजे भुंग्याला घर आणि जेवण एकत्र, म्हणून रबरवुड कापल्या कापल्या बोरॅक्स-बोरिक अॅसिडची ट्रीटमेंट देतात.

टिकाऊपणाचे वर्ग कसे ठरतात तेही बघा, कारण पद्धत साधी आणि मजेशीर आहे. ग्रेव्हयार्ड टेस्ट म्हणतात. ६० × ५ × ५ सेंटीमीटरच्या खुंट्या जमिनीत अर्ध्या पुरायच्या आणि वाट बघायची. सरासरी १२० महिन्यांच्या वर टिकलं तर वर्ग १, ६० ते १२० मध्ये वर्ग २, ६० च्या आत गेलं तर ३. प्रिझर्वेटिव्हमध्ये एक गोष्ट आपल्या देशाची आहे ती उत्तरात नक्की लिहा: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं जे मिश्रण पुढे जगभर खांबांना वापरलं गेलं ते १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधलं. आर्सेनिकमुळे आता घरगुती वापरात त्याच्यावर बऱ्याच देशांत बंधनं आहेत. प्रेशर पद्धतींत (दाबाने लाकडात औषध भरायच्या) बेथेलची फुल सेल (१८३८) आणि रूपिंगची एम्प्टी सेल यांच्यात फरक एकच धरा, फुल सेलमध्ये आधी व्हॅक्यूम, एम्प्टी सेलमध्ये आधी हवेचा दाब, बाकी पायऱ्या आपोआप लागतात.

ताकदीचे आकडे पाठ करू नका. आपल्याकडे साग १०० धरून बाकीच्या लाकडांचे तुलनात्मक निर्देशांक काढलेत, पाच-सहा लाकडांचे तेवढे बघून ठेवा आणि गावातल्या वापराशी जोडा. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा का, बैलगाडीला बाभूळ आणि तिवस का, आजोबांना विचारा, ते लवचिकता आणि शॉक रेझिस्टन्सच सांगत असतात, फक्त वेगळ्या शब्दात.

मोजमापाला एकच सूत्र डोक्यात पक्कं हवं, क्वार्टर गर्थ. मधली गोलाई भागिले ४, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. गोलाई १२० सेंटीमीटर आणि लांबी ३ मीटर असेल तर ०.३ × ०.३ × ३ = ०.२७ घनमीटर. खऱ्या वर्तुळाने काढलं तर ०.३४४ च्या जवळ येतं, म्हणजे हे सूत्र ७८.५ टक्केच धरतं, उरलेलं चिरकामातल्या तुटीचं समजायचं. व्यापारी घनफुटात बोलतात, १ घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट.

हे प्रत्यक्ष बघायला जमलं तर चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारशाहच्या डेपोला जाऊन या, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान याच भागातून गेलं. परवानगी कॉलेजच्या पत्रावर घ्या आणि लिलावाच्या आधी माल लावलेला असतो तेव्हा जा. तिथे लॉटची यादी मागून घ्या, ओंडक्यावरचे नंबर आणि हातोड्याची खूण बघा, गोलाईचा आणि लांबीचा वर्ग कसा पाडलाय ते लिहा, आणि दोन सारख्या मापाच्या ओंडक्यांचा भाव वेगळा का लागला हे एखाद्या व्यापाऱ्याला विचारा. गाठ, पोकळी, फ्लूटिंग (खोडाला पडलेल्या उभ्या खाचा), पीळ, डिफेक्टचा अख्खा चॅप्टर तो पाच मिनिटांत रुपयांत सांगेल.

गौण वनोपजासाठी भिंगेचा उपयोग नाही, तिथे कायदा आणि कॅलेंडर लागतं. तेंदू, मोह, डिंक, लाख, खैराचा कात यांचा एक तक्ता करा: कुठल्या महिन्यात, झाडाचा कुठला भाग, कशी प्रक्रिया, मालकी कोणाची. मालकीच्या रकान्यात वनहक्क कायदा २००६ आणि गडचिरोलीतल्या, सामूहिक वनहक्क मिळवलेल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेचं उदाहरण हवंच. बांबू १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाड म्हणून धरला जायचा, २०१७ च्या दुरुस्तीत तो त्या व्याख्येतून काढला, पण त्याचा फायदा वनाबाहेरच्या बांबूला आहे, जंगलातल्या बांबूला अजून वनोपजाचेच नियम. हा दुसरा अर्धा भाग पोरं लिहीत नाहीत.

उत्तर लिहिताना व्याख्येने सुरुवात करण्यापेक्षा आधी एक छोटी आकृती काढा, मग कारण, मग एका खऱ्या लाकडाचं नाव. "सीझनिंग डिफेक्ट्स लिहा" असं आलं तर दहा डिफेक्टची यादी देण्याऐवजी चार घ्या आणि प्रत्येकाला आकुंचनाचं कारण जोडा. आणि पुढे याच विषयात जायचं मनात असेल तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या (एफआरआय) अभिमत विद्यापीठात वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीची एम.एस्सी. आहे, बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी पण याच कामाची. फॉर्म भरायच्या आधी वहीतली निदान पंचवीस लाकडं पूर्ण करून ठेवा.